पैसे नव्हते म्हणून असे ग्राफिक्स?

मी बहुतेक वेळ इंडी गेम्सच, म्हणजे छोट्या स्वतंत्र टीमनी केलेले व्हिडिओ गेम्सच, खेळतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. "एवढा चांगला पीसी असून हे चौकोनी ठोकळे काय बघत बसतोस? बजेट नसतं म्हणूनच असे ग्राफिक्स करतात ना?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बजेट नसतं, हे अगदी मान्य. दोन-चार जणांची टीम हुबेहूब चेहरे, कापडाच्या चुण्या, वाहतं पाणी करत बसली तर गेम पुरा व्हायचाच नाही. पण साधं दिसतं ते स्वस्तात उरकलेलं असतं, हे मात्र मला पटत नाही. 'कपहेड' (२०१७) घ्या. त्यातली पात्रं आधी कागदावर पेन्सिलनं काढली, शाईनं गिरवली, मग स्कॅन करून रंगवली. मागची दृश्यं जलरंगात. या हौसेपायी हा गेम करणाऱ्या भावांनी घरं गहाण टाकली होती! 'स्टारड्यू व्हॅली' या गेमची पिक्सेल आर्ट, म्हणजे ठळक दिसणाऱ्या चौकोनी ठिपक्यांची चित्रं, एरिक बॅरोननं एकट्यानं केली, तीही पुन्हा पुन्हा मोडून.

मी बघतो ते एवढंच, की चित्र खेळणाऱ्याच्या कामाला येतं का. 'सेलेस्ट' (२०१८) मधलं खेळाचं मूळ चित्र जेमतेम ३२० बाय १८० पिक्सेलचं. दोन्ही बाजूंनी सहापट केलं की फुल एचडी स्क्रीन भरते. त्याची नायिका मॅडेलिन, तिचा चेहरा म्हणजे मोजके पिक्सेल. पण तिचे केस बघा. लाल आहेत तोवर हवेत एक डॅश (झटक्यात मारायची झेप) शिल्लक, निळे झाले की संपला. खाली काटे, समोर कडा, अशा वेळी कोपऱ्यातला मीटर बघायला कुणाला सवड आहे? नजर तिच्यावरच खिळलेली असते आणि हवी ती माहिती तिच्या डोक्यावरच मिळते. केसांचा पोत, त्यावरची चमक वगैरे असती तर हा रंग इतक्या झटकन कळलाच नसता.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' (२०१८) तर दोनच रंगांत आहे. अख्खं थ्रीडी जहाज, आणि उजेड-सावली दाखवायची ती फक्त ठिपक्यांच्या दाटीनं. यात एक गोची होती. ठिपके स्क्रीनला चिकटलेले राहिले तर मान वळवताच जहाज सरकतं, ठिपके मात्र जागेवरच. सगळं चित्र वळवळायला लागतं आणि डोळे शिणतात. हा गेम करणाऱ्या लुकास पोपनं मग ते ठिपके कॅमेऱ्याभोवतीच्या एका काल्पनिक गोलावर बसवले, म्हणजे मान वळली की तेही चित्राबरोबर वळतात. 'साधे ग्राफिक्स' म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा हमखास ऐकवतो.

आता दुसरी बाजू. पिक्सेल आर्टच्या नावाखाली गचाळ कामही भरपूर खपतं. हीरोचा पिक्सेल मोठा, शत्रूचा बारीक, तलवार फिरली की तिचे पिक्सेल तिरके, आणि वर गुळगुळीत फॉन्टमध्ये स्कोअर. जाणकार याला 'मिक्सेल' म्हणून नाकं मुरडतात. ट्रेलरमध्ये हे दिसलं की माझा हात आखडतो, कारण पिक्सेलचा आकारही ज्यांनी ठरवला नाही त्यांनी उडीची उंची तरी नीट ठरवली असेल का, ही शंका येते. (प्रत्येक वेळी खरी ठरते असं नाही.)

आणि हो, 'सेलेस्ट'मध्येही संवादातले चेहरे आणि अक्षरं मोठ्या रिझोल्यूशनची आहेत, म्हणजे नियमानं तोही दोषीच. पण मॅडेलिन बोलायला लागते तेव्हा उड्या थांबलेल्या असतात. तिथे पिक्सेल मोजायचे नसतात, तिचा चेहरा वाचायचा असतो. म्हणून मला तरी ते कधी खटकलं नाही.