जंगलातलं कोर्ट आणि बाबांचे प्रश्न

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, मॅमथ हॉट स्प्रिंग्जला एल्क हरणं घरांपुढच्या हिरवळीवर निवांत चरत होती. आई त्यांचे फोटो काढत होती, आणि बाबा कोर्टाची पाटी वाचत उभे होते. "अगं, जंगलात कोर्ट?" ३४ वर्षं तालुक्याच्या कोर्टात बेलिफ म्हणून समन्स बजावत फिरलेला माणूस. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांपेक्षा त्यांना हेच बघण्यासारखं वाटलं.

गाडीत बसल्यावर बाबांचे प्रश्न आणि माझी उत्तरं सुरू झाली. इथे बसतात ते फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाचे मॅजिस्ट्रेट जज. फेडरल जिल्हा न्यायाधीशाला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देतं आणि पद तहहयात असतं. मॅजिस्ट्रेट जजना मात्र जिल्हा न्यायाधीशच मतदान करून निवडतात. किमान ५ वर्षं वकिली झालेल्यांनी अर्ज करायचा, समितीने नावं सुचवायची. मुदत ८ वर्षांची, पुढे फेरनेमणूक होऊ शकते.

"परीक्षा नाही? आपल्याकडे जेएमएफसीला, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी व्हायला, एमपीएससी द्यावी लागते."

नाही, परीक्षा नाही.

फेडरल गुन्ह्यात अटक झालेला माणूस सहसा सगळ्यात आधी यांच्यापुढेच उभा राहतो. झडतीचं वॉरंट, जामीन, वकील नेमून देणं हे सगळं इथेच होतं. दोन्ही पक्ष राजी असतील तर अख्खा दिवाणी दावाही ते चालवतात. बाबा म्हणाले, "म्हणजे माणसाला कोर्ट कसं वाटणार, ते यांच्यावरच ठरतं." मला ते अगदी पटलं.

इथल्या कोर्टात उद्यानाचे नियम मोडणारेही येतात. मे २०२३ मध्ये एका पर्यटकाने नदीकाठी कळपामागे राहिलेल्या बायसनच्या, म्हणजे तिथल्या गव्याच्या, वासराला ढकलून रस्त्यापर्यंत आणलं. हेतू मदतीचाच असावा. पण कळपाने वासराला परत घेतलं नाही आणि शेवटी उद्यानाला त्याला मारावं लागलं. त्या माणसाने गुन्हा कबूल केला. ५०० डॉलर दंड झाला, शिवाय वन्यजीव निधीला ५०० डॉलर द्यावे लागले. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती.

हे कोर्ट उभं राहिलं तेही गव्यांमुळेच. १८९४ च्या मार्चमध्ये एक चोरटा शिकारी गवे मारताना रंगेहाथ सापडला, पण त्याला उद्यानाबाहेर हाकलण्यापलीकडे शिक्षाच नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात कायदा झाला आणि इथे कमिशनर नेमला गेला. मॅजिस्ट्रेटचं पद १९६८ च्या कायद्याने आलं, त्याआधी कमिशनर असत. इथले पहिले कमिशनर जॉन मेल्ड्रम. ते १९३५ पर्यंत त्याच पदावर होते.

बाबांनी बोटांवर हिशेब केला. "एक्केचाळीस वर्षं, एकच जागा." मग म्हणाले, "माझ्या नोकरीत अकरा साहेब आले नि गेले. मळेगावची वाट कुठून जाते, हे प्रत्येकाला मीच सांगायचो."