नवी चिप आली की मी आधी मेमरीचा रकाना बघते

गेली दोन वर्षं नव्या मायक्रोकंट्रोलरच्या (यंत्रात बसणारा एका चिपवरचा छोटा संगणक) घोषणा इतक्या पटापट येतायत की एकीचं डेटाशीट (चिपचं तांत्रिक माहितीपत्रक) वाचून होतंय न होतंय तोवर दुसरी हजर. आणि प्रत्येक घोषणेत वरती मोठ्या अक्षरात काय असतं, तर मेगाहर्ट्‌झ, एआय आणि सिक्युरिटी. वाईट नाही ते, पण मी मात्र सरळ ब्लॉक डायग्रामवर, म्हणजे चिपच्या आतल्या भागांच्या नकाशावर, जाते आणि त्यातला एकच चौकोन शोधते, प्रोग्रॅम कुठे साठवलाय तो. कारण मला मनापासून वाटतं की सध्याची खरी उलथापालथ तिथे चाललीये, आणि तिच्याबद्दल बोलतंय कोण, तर मोजकेच लोक.

आधी माझा अनुभव सांगते म्हणजे मी एवढी का मागे लागलीये ते कळेल. काही वर्षांपूर्वी एका छोट्या यंत्राचं फर्मवेअर (त्याच्या चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम) लिहिलं होतं, त्यात दर दहा मिनिटांनी एक रीडिंग आतल्या फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या मेमरीत, सेव्ह व्हायचं. एकाच पेजवर, म्हणजे फ्लॅशच्या एकदम पुसल्या जाणाऱ्या एकाच तुकड्यावर. टेस्टिंगमध्ये सगळं मस्त, यंत्रं बाहेर गेली, आणि चारेक महिन्यांनी एकेक करून परत यायला लागली, सेटिंग्ज उडालेली, काही तर चालूच होईनात. चिपची काही चूक नव्हती. डेटाशीटमध्ये स्वच्छ लिहिलं होतं, पेज 10,000 वेळा पुसता येईल एवढीच हमी. दिवसाला 144 वेळा म्हणजे साधारण 70 दिवसांत हमी संपली, त्यापुढे जेवढं चाललं तेवढं नशीब. हिशेब दोन ओळींचा होता आणि मी तो केला नव्हता, तेव्हापासून मेमरीचं पान वाचल्याशिवाय मी कोडची एक ओळ लिहीत नाही.

फ्लॅशचं दुखणं तेवढंच नाहीये. एक बाइट बदलायचा तरी आख्खं पेज पुसावं लागतं. आपल्या सगळ्यांचा हात ज्याच्यावर बसला तो एसटी कंपनीचा 2007 चा एसटीएम32एफ103 मायक्रोकंट्रोलर घ्या, त्यात एक पेज पुसायला 20 ते 40 मिलिसेकंद लागतात आणि कोड त्याच फ्लॅशमधून चालत असेल तर तेवढा वेळ सीपीयू नुसता थांबून राहतो. मोटर कंट्रोलचा लूप 20 किलोहर्ट्‌झवर चालत असेल तर तेवढ्यात 400 ते 800 फेऱ्या गेल्या, मोटर काय तुमच्यासाठी थांबणारे का. आणि वाचायलाही फ्लॅश हळूच, त्याच चिपमध्ये 72 मेगाहर्ट्‌झ वापरायचे तर दोन वेट स्टेट टाकाव्या लागतात, प्रत्येक वाचनाला क्लॉकचे दोन ठोके थांबायचं. म्हणजे कोअर (कोड चालवणारा भाग) आणि फ्लॅशची ही ओढाताण आजची नाही.

आता मुख्य मुद्दा. लॉजिक (हिशेब करणारे ट्रान्झिस्टर) लहान होत गेलं तसं फ्लॅश काही लहान होईना. फ्लॅशमध्ये इलेक्ट्रॉन एका इन्सुलेटरच्या पलीकडे ढकलून अडकवून ठेवायचे असतात, तो थर फार पातळ केला की ते गळून जातात, आणि ढकलायला दहाएक व्होल्ट लागतात, जे बारीक ट्रान्झिस्टरला झेपत नाहीत. 28 नॅनोमीटरच्या प्रोसेसखाली (चिप बनवायची पद्धत, आकडा जितका लहान तितकी बारीक) गेलं की चिपवर फ्लॅश टाकणं इतकं अवघड आणि महाग होतं की कंपन्यांनी तो नादच सोडला. मग दोन वाटा उरतात: फ्लॅश चिपच्या बाहेर काढा, नाहीतर दुसरीच मेमरी शोधा.

बाहेर काढण्याची वाट आपल्या ओळखीची आहे. रास्पबेरी पायचा आरपी2040 2021 मध्ये आला तोच फ्लॅशशिवाय, ऑगस्ट 2024 चा आरपी2350 पण तसाच, 520 केबी रॅम, दोन कॉर्टेक्स-एम33 किंवा दोन रिस्क-व्ही कोअर, हवे ते निवडा. (पोटात 2 एमबी फ्लॅश असलेला आरपी2354 पण आहे, पण ती दुसरी डाय (सिलिकॉनचा वेगळा तुकडा) त्याच पॅकेजमध्ये बसवलेली.) एसटीचा डिसेंबर 2024 चा एसटीएम32एन6 बघा, 800 मेगाहर्ट्‌झ, 4.2 एमबी रॅम, न्यूरल अ‍ॅक्सिलरेटर, आणि आत फ्लॅश शून्य. कोड बाहेरच्या फ्लॅशमधून कॅशेद्वारे (आतली छोटी, वेगवान, तात्पुरती मेमरी) येतो, आणि इथेच नवीन माणूस फसतो. सरासरी स्पीड छान दिसतो, पण नेमक्या नको त्या क्षणी कॅशे मिस झाला, म्हणजे हवा तो कोड कॅशेत नसला, की इंटरप्टला (हातातलं काम थांबवून लगेच लक्ष मागणारा इशारा) उशीर होतो, आणि हा उशीर रोज सारखा नसतो, त्यामुळे स्कोपवर (सिग्नल बघायचं यंत्र) पकडायला रात्र जाते. उपाय साधा आहे, वेळेला बांधलेली फंक्शन्स आणि इंटरप्ट हँडलर रॅममध्ये ठेवायचे, पण हे पहिल्या दिवशी ठरवावं लागतं, शेवटच्या आठवड्यात नाही.

आरपी2350 चा विषय निघालाच आहे तर एराटा (चिपमधल्या चुकांची कंपनीने दिलेली यादी) आधी वाचा हे सांगून ठेवते. त्यातला ई9 गाजला होता, आतला पुल-डाउन (पिनला शून्य व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) लावून पिन इनपुट म्हणून वापरली की ती खाली यायच्या ऐवजी 2 व्होल्टच्या आसपास अडकून बसायची, आणि बाहेरून 8.2 किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावायला सांगितलं होतं. 2025 मध्ये ए4 स्टेपिंगमध्ये (चिपची सुधारित आवृत्ती) ते दुरुस्त झालं. चूक उघडपणे लिहिली, दुरुस्त केली, मला याचं कौतुक आहे. पण हातातली चिप कुठल्या स्टेपिंगची आहे ते तुम्हालाच बघायचंय.

दुसरी वाट जास्त इंटरेस्टिंग आहे. रेनेसासचा आरए8पी1, जुलै 2025, 22 नॅनोमीटर, कॉर्टेक्स-एम85 थेट 1 गिगाहर्ट्‌झवर, आणि फ्लॅशच्या जागी एमरॅम. त्यात बिट चार्जमध्ये नाही तर चुंबकाच्या दिशेत साठतो. एनएक्सपीने गाड्यांसाठीचा एस32के5 मार्च 2025 मध्ये जाहीर केला, 16 नॅनोमीटर, तोही एमरॅमवर, आणि लिहिण्याचा वेग फ्लॅशच्या 15 पटीहून जास्त असं त्यांचं म्हणणं, गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट करताना हा फरक जाणवणारच. नॉर्डिकच्या एनआरएफ54एल15 मध्ये 1.5 एमबी आरआरॅम आहे, तिथे इन्सुलेटरमध्ये एक बारीक वाहक धागा जुळवायचा किंवा तोडायचा. एसटी तिसऱ्याच दिशेने गेली, फेज चेंज मेमरी, जिथे पदार्थ तापवून कधी स्फटिक कधी काचेसारखा करायचा, 18 नॅनोमीटरवर, नोव्हेंबर 2025 चा एसटीएम32व्ही8 त्यावरच आहे. चार कंपन्या, तीन वेगळी भौतिकशास्त्रं, आणि आपण बसलोय मेगाहर्ट्‌झ मोजत!

फर्मवेअर लिहिणाऱ्याला यातलं सगळ्यात मोठं सुख म्हणजे एमरॅम आणि आरआरॅमला लिहिण्याआधी पुसावं लागत नाही. तो पेज इरेजचा सगळा खटाटोप, तात्पुरती कॉपी, मध्येच वीज गेली तर काय, यातलं बरंच गळून पडतं. पण डोळे मिटून वापरू नका, किती वेळा लिहिता येईल तो आकडा प्रत्येक चिपचा वेगळा आहे, आणि एमरॅमला बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राची मर्यादा असते, स्पीकर किंवा मोटरच्या चुंबकाला खेटून बोर्ड बसवणार असाल तर ती ओळ शोधून वाचाच.

सगळीकडे फ्लॅश मेलाय असंही नाही. टीआयचा (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स) एमएसपीएम0सी1104 मार्च 2025 मध्ये आला, क्षेत्रफळ 1.38 चौरस मिलिमीटर, 16 केबी फ्लॅश, 24 मेगाहर्ट्‌झ, जोंधळ्याच्या दाण्याशेजारी ठेवला तरी लहान दिसेल. डब्ल्यूसीएच कंपनीचा सीएच32व्ही003 पण 16 केबी फ्लॅशवालाच. अशा चिपला बारीक प्रोसेसची गरजच नाही आणि जुन्या प्रोसेसवर फ्लॅश सुखाने नांदतो.

मी आता नवीन प्रोजेक्टमध्ये सेव्ह करण्याचा भाग बाकी कोडपासून पूर्ण वेगळा ठेवते, दोनच फंक्शन्स, लिही आणि वाच, खाली कुठली मेमरी आहे ते वरच्या कोडला कळूच द्यायचं नाही. आणि एमरॅमवाला एक बोर्ड परवा रात्री नऊला टेबलावर लावून ठेवलाय, एकाच पत्त्यावर दर सेकंदाला एक नोंद, लगेच वाचून पडताळणी. आत्ता दुपारचे बारा वाजलेत, काउंटर 1,40,000 च्या पुढे गेलाय आणि एरर अजून शून्य आहे.