ओलोर्गेसाइली: हातकुऱ्हाडींच्या रानात जाताना

ओलोर्गेसाइली हे केनियातलं अश्मयुगीन दगडी हत्यारांचं ठिकाण. नैरोबीहून मगादी रस्त्याने सत्तरेक किलोमीटर. वाटेतल्या किसेरियनला पाणी, खाणं आणि गाडीचं इंधन भरून घ्या. पुढे भरवशाचं काही नाही. माणशी तीन लिटर पाणी हवंच. घाट उतरून खचदरीत शिरलात की उकाडा अंगावर येतो.

पहाटेच निघा. ऊन टाळायला तर खरंच, पण त्याहून जास्त उजेडासाठी. सूर्य डोक्यावर आला की दगडावरचे घाव सपाट दिसतात आणि फोटोत नुसता काळा गोटा येतो. तिरप्या उन्हात मात्र छिलका, म्हणजे दगडाचा टवका, उडालेली प्रत्येक खोलगट जागा उठून दिसते. दोन्ही बाजूंनी असे छिलके काढून धार आणलेली असेल तर ती हातकुऱ्हाड. एखाददुसरा टवका तर आपोआपही उडतो.

लुई आणि मेरी लीकी या पुरातत्त्वज्ञ जोडप्याने १९४० च्या दशकात इथे खोदकाम केलं आणि शेकडो हत्यारं जागेवरच ठेवली. ती लाकडी पुलावरून बघता येतात. दगड बहुतेक ज्वालामुखीचे. नेवाशाच्या प्रवरेकाठची बेसाल्टची हत्यारं पाहिलेल्यांना घडण लगेच ओळखीची वाटेल. पण ढीग दिसला म्हणजे इथे हत्यारं घडवायचा कारखाना होता, असं लगेच ठरवू नका. ओढ्याचं पाणीही जड दगड एके जागी साठवतं, आणि इथला वाद नेमका त्यावरच आहे.

बहुतेक जण पुलावरूनच परत फिरतात. खरी गंमत हातकुऱ्हाडींनंतरच्या काळात आहे. इथल्या हातकुऱ्हाडी सुमारे १२ लाख ते ५ लाख वर्षांपूर्वीच्या. मधले थर झिजून गेलेत, आणि सुमारे ३ लाख २० हजार वर्षांपूर्वीच्या थरांत एकदम लहान, नीट आखून काढलेली हत्यारं भेटतात. त्यांतली काही ऑब्सिडियनची, म्हणजे काळ्या ज्वालामुखी काचेची. ती इथली नाही. २५ ते ५० किलोमीटरवरून, क्वचित त्याहूनही लांबून आणलेली. वाटाड्याला याबद्दल मुद्दाम विचारा, नाहीतर तो इथे सापडलेल्या हत्तीच्या हाडांवरच थांबेल. पांढरा भुसभुशीत थर दिसला तर तो चुना समजू नका. जुन्या तळ्यातल्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा तो गाळ आहे.

वाटेबाहेर पाऊल नको, आणि छिलका उचलून 'जरा बघून' परत ठेवणंही नको. कुठल्या थरात, कुठल्या बाजूला पडला होता ही माहिती गेली की त्या दगडाला अभ्यासात फारशी किंमत उरत नाही. खिशात टाकलात तर केनियात तो गुन्हा आहे.

पावसाळ्यात फाट्यापासून आतल्या कच्च्या रस्त्यावर चिखल होतो. उंच गाडी नसेल तर आदल्या दिवशी विचारून घ्या.