कठड्याची जागा

फेरीबोटीत पाय ठेवल्याबरोबर लोक खिडकीजवळची खुर्ची पकडायला धावतात. मी वर डेकवर जातो आणि वारा कुठून येतोय ते बघून त्याच्या उलट बाजूचा कठडा धरतो. दुर्बिणीच्या काचेवर खारे तुषार बसले की उरलेला प्रवास रुमालाने पुसण्यात जातो, हे एकदा भोगून झालंय.

पहिली हजेरी कुरवांची. बिनतिकिटाचे प्रवासी! वारा बोटीच्या भिंतीवर आपटून वर चढतो आणि त्या उचलीवर ते पंख न हलवता, बोटीच्याच वेगाने तरंगत राहतात. एकाच्या चोचीला थेंब लोंबत होता. सर्दी नव्हे. समुद्राचं पाणी पितात, त्यातलं जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथी गाळून काढतात आणि ते नाकपुड्यांतून असं ठिबकतं. बऱ्याच जणांच्या पंखांची टोकं काळी असतात, तीही नुसती शोभेची नाहीत. काळं पीस पांढऱ्यापेक्षा उशिरा झिजतं.

किनारा मागे पडला की कुरवही पांगतात आणि खरं काम सुरू होतं, ते म्हणजे काहीही न दिसणं. यात मी आता चांगला मुरलोय. लाटांकडे बघायचंच नाही. त्यांच्या तालात न बसणारं काही दिसतंय का, तेवढं बघायचं. बहुतेकदा तो ओंडका निघतो.

परवा मात्र काळं, त्रिकोणी काहीतरी चाकासारखं वर आलं, वळलं आणि आत गेलं.

"काय हो, डॉल्फिन का?" शेजारच्या आजोबांनी विचारलं.

"हार्बर पॉरपॉइज असावा, डॉल्फिनचा छोटा नातलग," मी म्हणालो. डॉल्फिन पुष्कळदा आपण होऊन बोटीच्या पुढ्यात येतात, तिने ढकललेल्या लाटेवर स्वार होतात. हा लाजरा. उडी नाही, तमाशा नाही. वर येताना शिंकेसारखा फुस्स आवाज करतो, पण इंजिनाच्या घरघरीत तो कसला ऐकू येतोय!

"पुन्हा दिसेल?"

"मासा असता तर सांगता आलं नसतं. याला श्वासासाठी वर यावंच लागतं."

दोघंही पाण्याकडे डोळे लावून बसलो. बोट कुठली थांबायला! ती जागा मागे मागे सरकत गेली. आजोबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, टोपी घट्ट केली आणि गर्दीतून वाट काढत बोटीच्या मागच्या टोकाकडे निघाले. मी वाऱ्याची बाजू विसरून त्यांच्या मागे.