नळदुर्ग, तेर, परंडा: सोलापूरला उतरून कुर्डुवाडीला गाडी पकडायची तीन दिवसांची फेरी

धाराशिव जिल्ह्यात वर्षभर लाखो माणसं येतात ती तुळजापूरला. दर्शन, ओटी, जेवण, आणि संध्याकाळी परत. त्याच रस्त्यावर तासा-दीड तासाच्या अंतराने आदिलशाहीतलं धरण, सातवाहनकाळातलं व्यापारी गाव, जैन लेणी आणि निजामशाहीची काही काळची राजधानी असलेला भुईकोट आहे. हे सगळं तीन दिवसांत नीट बघून होतं. दोन दिवसांत कोंबलं तर परंडा हमखास राहून जातं.

सोलापूर आणि कुर्डुवाडी ही दोन्ही स्टेशनं पुणे-सोलापूर मुख्य मार्गावर आहेत, त्यामुळे आल्या रस्त्याने परतायची गरज नाही. सोलापूर, नळदुर्ग, तुळजापूर, धाराशिव, तेर, बार्शी, परंडा, कुर्डुवाडी असं सरळ जायचं. आडवळणं धरून साधारण अडीचशे किलोमीटर होतात. स्वतःची गाडी असली तर प्रश्नच नाही. एसटीनेही जमतं, फक्त लेण्यांना आणि तेरला रिक्षा करावी लागते. नकाशात शोधताना धाराशिव आणि उस्मानाबाद ही दोन्ही नावं टाकून बघावीत. परंड्याचंही तेच, कुठे परंडा लिहिलेलं असतं, कुठे परांडा.

पहिला दिवस नळदुर्गचा. सोलापूरहून हैदराबाद महामार्गाने हे अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर आहे. उमरग्याकडे जाणारी साधी एसटी गावात थांबते. लांब पल्ल्याच्या खासगी गाड्या मात्र महामार्गावरच उतरवतात, म्हणून चढतानाच विचारून घ्यावं. एसटी स्टँडपासून किल्ल्याचा दरवाजा चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. प्रवेशाला तिकीट आहे, सुटे पैसे जवळ ठेवावेत.

आत गेल्यावर सगळे धावतात ते पाणी महालाकडे. त्याऐवजी आधी उपळी बुरुजावर जावं. किल्ल्याचा विस्तार सव्वाशे एकरांच्या आसपास आणि बुरूज शंभरावर, त्यामुळे खालून चालताना कशाचाच अंदाज येत नाही. उपळी बुरूज उंच आणि एकटा उभा आहे. पायऱ्या खड्या आहेत, म्हणून ऊन चढायच्या आत तो उरकलेला बरा. वर तोफा आहेत, पण खरं काम नजर फिरवण्याचं. बोरी नदीने टेकाडाला घातलेलं वळण, पलीकडचा रणमंडळ हा छोटा किल्ला आणि दोघांना जोडणारी दगडी भिंत, म्हणजेच धरण, हे तिन्ही इथून एका नजरेत येतं. पलीकडचं टेकाड शत्रूच्या हाती गेलं असतं तर तिथून थेट मुख्य किल्ल्यावर तोफा डागता आल्या असत्या. म्हणून तेही तटात घेतलं, आणि दोहोंमधली नदी अडवून पाणी व वाट दोन्ही मिळवली. हे डोक्यात बसलं की धरण म्हणजे नुसती करामत राहत नाही.

धरण दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. महालातल्या फारसी शिलालेखात हिजरी 1022, म्हणजे इ.स. 1613 हे साल आहे. हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळोत आणि शत्रूंचे अंधारोत, असा लेखाचा आशय सांगतात. पाणी महाल धरणाच्या भिंतीच्या पोटातच आहे. माथ्यावरून अरुंद जिना आत उतरतो. दोन वळणांत उजेड कमी होतो आणि भिंत हाताला गार लागते. मग एकदम नक्षीदार सज्जा आणि कमानी येतात. सांडवे वाहत असले तर पाण्याचा पडदा बाहेरून खाली कोसळत असतो आणि आत उभ्या माणसावर फक्त तुषार येतात. सांडवे दोन, त्यांना नर आणि मादी म्हणतात.

इथेच बहुतेकांचा बेत फसतो. ‘पावसाळ्यात या’ एवढंच ऐकून लोक जुलैत येतात आणि कोरडी भिंत बघून जातात. नळदुर्गजवळच बोरी नदीवर वरच्या अंगाला आजचं धरण आहे. ते भरून वाहू लागल्याशिवाय किल्ल्यातला धबधबा सुरू होत नाही. मराठवाड्याचा जोराचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात, परतीच्या वेळी येतो. काही वर्षी धरण भरतच नाही. म्हणून तारीख ठरवण्याआधी ‘बोरी धरण भरले’ ही बातमी शोधावी. ती दरवेळी स्थानिक वर्तमानपत्रांत येतेच. पाणी फार असलं तर मात्र खाली उतरायला बंदी होते, आणि ती योग्यच आहे, कारण जिन्यावर शेवाळ असतं आणि समोरून माणूस आला तर बाजू द्यायला जागा नसते. ओसंडणं सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यातही रविवारी, जाऊ नये. जोर ओसरू लागला की मधल्या वारी सकाळी जावं, म्हणजे धबधबाही दिसतो आणि महालही उघडा मिळतो. पाणी बघायचंच नसेल आणि बांधकाम न्याहाळायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम. कोरड्या दिवसांत दगडांचे सांधे स्पष्ट दिसतात.

तिसरी बघायची गोष्ट नव बुरूज. नऊ पाकळ्यांसारखे फुगीर भाग एकाला एक लावलेला हा बुरूज आतून साधा दिसतो, त्याचा आकार बाहेरच्या बाजूने कळतो. किल्ल्यावर साडेतीन-चार तास धरावेत, पाणी प्रत्येकी दोन लिटर न्यावं. 1853 च्या तहात निजामाने हा मुलूख कंपनीला दिला तेव्हा मेडोज टेलर हा अधिकारी इथे राहायला होता. आतल्या वाड्यांच्या पडक्या भिंतींत त्याचंही थोडं राहणं मुरलेलं आहे.

जानेवारीचा बेत असेल तर पौष पौर्णिमा तपासून घ्यावी. नळदुर्गच्या मैलारपूर खंडोबाची त्या दिवशी मोठी यात्रा असते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. मूर्ती वर्षातला बराच काळ जवळच्या अणदूरला असते आणि यात्रेच्या सुमाराचे पावणेदोन महिने नळदुर्गला. दोन्ही गावांचा तसा करारच आहे.

दुपारनंतर तुळजापूरमार्गे धाराशिव गाठावं, पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा हे तुळजापूरच्या गर्दीचे दिवस. दर्शन घ्यायचं असलं तर त्या दिवशी दोन-तीन तास वेगळे काढूनच निघावं. नवरात्र ते कोजागरी हा काळ या फेरीसाठी वर्ज्य समजा. कोजागरीला सोलापूरहून आणि कर्नाटकातून माणसं पायी येतात, त्यांच्यासाठी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहनं दुसरीकडे वळवतात, आणि धाराशिवातही खोली मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाराशिव लेणी. शहरापासून आठेक किलोमीटर, बालाघाटाच्या एका घळीत. रिक्षा जाणं-येणं आणि तासभर थांबणं असं बोलूनच ठरवावी, कारण परतताना तिथे वाहन मिळत नाही. टॉर्च विसरू नये. दोन क्रमांकाचं लेणं मोठं आहे, चौफेर खांब, तिन्ही अंगांना खोल्या आणि गाभाऱ्यात नागफणांखाली बसलेले पार्श्वनाथ. आराखडा अजिंठ्याच्या विहारांचा सख्खा भाऊ वाटावा असा. दगड मात्र ठिसूळ. दर्शनी भाग ढासळलेले आहेत आणि अजिंठ्याइतकं कोरीव काम शोधायला जाल तर निराश व्हाल. ही लेणी मुळात बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत वाद आहे. अकराव्या शतकातल्या कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश भाषेतल्या काव्यात करकंड राजाला तेरापूरजवळच्या लेण्यात पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. तेरापूर म्हणजे तेर. म्हणून लेणी आणि तेर एकाच दिवशी बघावीत, एकातून दुसऱ्याचा अर्थ लागतो.

तेर धाराशिवहून वीसेक किलोमीटर. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात येणारं तगर ते हेच. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं गाव, तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांनी भडोच बंदराला जातं, अशी नोंद त्यात आहे. आज तेरणेकाठी एक मोठं खेडं दिसतं आणि गावातली पांढरीची टेकाडं. त्या टेकाडांखाली ते शहर आहे.

आधी त्रिविक्रम मंदिर शोधावं. गल्लीबोळातून जावं लागतं, रस्ता विचारताना ‘त्रिविक्रम’ म्हटलं की कोणीही सांगतं. समोरून आलात तर सपाट छताचा साधा मंडप दिसेल आणि फसगत होईल. तो नंतरचा आहे. वळसा घालून मागे जावं. मागची भिंत अर्धगोल, वर विटांचं पाठाळ छत, जणू उपडी घातलेली होडी. डोंगरात कोरलेली चैत्यगृहं आपल्याकडे डझनावारी आहेत, पण जमिनीवर विटांनी बांधलेलं आणि छतासकट उभं असलेलं हे रूप फार दुर्मिळ. आंध्रातल्या चेजर्लाचं कपोतेश्वर मंदिर त्याचं जवळचं भावंड. तेरचं मूळचं बौद्ध चैत्य की आरंभापासून वैष्णव, यावरही एकमत नाही. आत बळीच्या कथेतला त्रिविक्रम उभा आहे, पूजा रोज चालते. पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय आत फोटो काढू नयेत.

तेरचं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय हे या दिवसाचं मुख्य काम. दीड तास द्यावा. सरकारी संग्रहालयांना सहसा सोमवारी सुटी असते, त्यामुळे तेरचा दिवस सोमवारी येणार नाही अशा बेताने सोलापूरहून निघावं. हस्तिदंती स्त्रीमूर्ती चुकवू नये. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं साम्य आहे. तेरचा माल कुठवर पोचत असेल, हे त्या बोटभर वस्तूपुढे उभं राहिल्यावर कळतं. भाजक्या मातीच्या आणि केओलिन या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्या, मणी, सातवाहन नाणी हेही आहे. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट इथेच ठेवलेली आहे, ती पाहून मग नदीकडचं विटांचं उत्तरेश्वर बघावं. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यात चमत्कार नाही. मातीत भाताचं तूस मिसळायचं, भट्टीत तूस जळून जातं, वीट आतून पोकळ छिद्रांची आणि हलकी होते. टेकाडांवर खापरं, मणी पायाखाली येतात, पण उचलू नयेत. जागेवरून हलली की ती फक्त खापरंच उरतात.

गोरोबा काकांची समाधी नदीकाठी आहे, तिथे संध्याकाळी बसायला बरं वाटतं. चैत्र वद्य एकादशीच्या सुमारास यात्रा भरते, तेव्हा गाव तुडुंब असतं. तेरला मुक्कामाची सोय धरू नये. धाराशिवला परतावं किंवा स्वतःची गाडी असल्यास येडशीमार्गे बार्शी गाठावी, पन्नासेक किलोमीटर. पावसाळ्यात नकाशा जवळचा म्हणून शेतातला रस्ता दाखवतो, तो घेऊ नये. इथली काळी माती ओली झाली की चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरून बसते आणि मोटारसायकल जागची हलत नाही.

तिसरा दिवस परंड्याचा. बार्शीहून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, एसटी मिळते. बार्शीत सकाळी भगवंताचं मंदिर बघून निघता येतं. वाटेत खाण्यासाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोलापूरलाच घेऊन ठेवावी, चार दिवस टिकते. भूम-परंडा हा खव्याचा भाग, तो मात्र ताजाच खावा.

परंडा किल्ला गावाला चिकटून आहे आणि लांबून दिसतच नाही. भुईकोटाची तीच खुबी. खंदक, बाहेरचा तट, मग आतला उंच तट, आणि दरवाजांची वाट अशी वळवलेली की हत्तीला धाव घेऊन धडक देता येऊ नये. 1600 मध्ये अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून राजधानी इथे आणली. 1634 मध्ये मोगल शहजादा शुजाने वेढा घातला तो फसला. आजूबाजूच्या उघड्या माळावर घोड्यांना चारा नव्हता, हे त्याचं मोठं कारण. तटावरून चौफेर बघितलं की पटतं.

विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ 1632 पर्यंत याच किल्ल्यावर होती. 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन सुमारे 55 टन. ती गेली तरी उरलेल्या तोफा कमी नाहीत. बुरुजांवर पंचधातूच्या मोठ्या तोफा आहेत, अंगावर अरबी-फारसी लेख. हे लेख सकाळच्या तिरप्या उन्हात वाचता येतात, दुपारी धातू नुसता चमकतो. आत मशिदीचे खांब बघावेत. जुन्या मंदिरांचे आहेत, प्रत्येकाची घडण वेगळी. हमामखाना, पायविहीर आणि दगडी गोळ्यांचा ढीगही आहे. ऑक्टोबरात गवत कमरेइतकं वाढतं, म्हणून पूर्ण बूट घालावेत आणि तटाच्या कडेला काठी आपटत चालावं. अंधाऱ्या कोठड्यांत वटवाघळं असतात. बुरुजांवर आग्या माशांची पोळी दिसली तर अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको, सरळ मागे फिरावं. अडीच-तीन तास पुरतात.

परंड्याहून कुर्डुवाडी तिसेक किलोमीटर. दुपारनंतर एसटीच्या फेऱ्या विरळ होतात, म्हणून किल्ल्यात शिरायच्या आधीच स्टँडवर परतीची वेळ विचारून घ्यावी आणि गाडीच्या वेळेआधी दोन तास हाताशी ठेवावेत. मुख्य मार्गावरची प्रत्येक वेगवान गाडी कुर्डुवाडीला थांबत नाही. तिकीट काढतानाच थांबा बघावा, नाहीतर पुन्हा सोलापूर गाठावं लागतं.