मायसेनची माशी

ड्रेस्डेनमध्ये शनिवार सकाळ म्हणजे एल्बे नदीकाठचा जुन्या वस्तूंचा बाजार. आज एका आजोबांकडे मायसेनची, म्हणजे इथल्याच जवळच्या मायसेन गावातल्या नामांकित पोर्सेलिन (चिनी मातीच्या) कारखान्याची बशी मिळाली. मधोमध गुलाब, ट्युलिप आणि कडेला एकच माशी! फुलांपेक्षा मला ती माशीच जास्त आवडली. अठराव्या शतकात भट्टीतून निघालेल्या भांड्यावर बारीकसा डाग राहिला, तर चित्रकार नेमका तिथेच एखादा किडा नाहीतर सुटं फूल रंगवून मोकळे व्हायचे.

मागे निळ्या तलवारींची फुली, म्हणजे मायसेनची खूण, आणि तिच्यावर आडवे ओरखडे. म्हणजे कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला माल. पक्के संग्राहक नाक मुरडतात, म्हणूनच तर आमच्या खिशाला परवडतं. भिंगातून पाहिलं, छपाईचे ठिपके नाहीत, कुंचल्याचे फटकारे स्पष्ट दिसतात. कारखाना १७१० चा खरा, पण ही बशी फार तर माझ्या आजीच्या वयाची असावी. आजोबा मात्र ‘बारोक, बारोक’ करत, ती अठराव्या शतकातल्या त्या शैलीच्या काळातली असल्याचं सांगत राहिले.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिचा प्रश्न, “यात पोहे खायचे की नुसती बघायची?”

खायचे की! फक्त डिशवॉशरमध्ये टाकायची नाही. झिलईवरचे रंग आणि सोनेरी कड, दोन्ही उडतात.