तैपूसमला बातू केव्ह्जला जायचं तर

तैपूसम हा तमिळांचा मुरुगनचा, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचा सण. मलेशियात क्वालालंपूरजवळच्या बातू केव्ह्ज या गुहांमधला तैपूसम पाहायला जाणाऱ्यांची चूक होते ती वेळेची. हॉटेलातला नाश्ता उरकून मंडळी सकाळी अकराला पोचतात. तोवर ऊन तापलेलं असतं, पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नसते आणि नदीकाठचं जे पाहायचं, ते बरंचसं होऊन गेलेलं असतं. पोचायचं ते पहाटे तीन-चारला.

तमिळ तै महिन्यात, पौर्णिमेच्या सुमारास, पूसम म्हणजे पुष्य नक्षत्रावर हा सण येतो. आपल्या पंचांगात ती पौर्णिमा कधी पौषाची असते, कधी माघाची: 2024 मध्ये 25 जानेवारी, 2026 मध्ये 1 फेब्रुवारी. मलेशियाच्या सुट्ट्यांच्या यादीतली तारीख पाहूनच तिकीट काढा आणि त्या तारखेच्या दोन दिवस आधी क्वालालंपूरला पोचा, कारण उत्सव सुरू होतो शहरात.

तुन एच. एस. ली रस्त्यावरचं श्री महामारिअम्मन देऊळ 1873 चं. तैपूसमच्या दोन रात्री आधी इथून मुरुगनचा चांदीचा रथ निघतो. पासार सेनी स्टेशनवरून देऊळ चालत गाठता येतं. रथ रात्रभर चालतो आणि साधारण 15 किलोमीटर कापून दुसऱ्या दिवशी बातू केव्ह्जला पोचतो. देवळाच्या दारात गर्दीत चेंगरण्यापेक्षा जालान इपोहवर उभं राहावं. तिथे रथापुढे नारळांचे ढीगच्या ढीग फुटतात, आणि फोडणाऱ्यांत चिनी भाविकही बरेच असतात. करवंट्यांचे तुकडे लांब उडतात. मुलांना चार हात मागे ठेवा, अनवाणी फिरू नका. रस्ता नारळपाण्याने निसरडा होतो.

आपल्याकडे कार्तिकेयाचं दर्शन बायकांनी एरवी घेऊ नये असा समज आहे. तमिळांचा मुरुगन मात्र वल्ली आणि दैवानै यांचा पती. रथात दोघी त्याच्या शेजारी असतात, आणि डोक्यावर दुधाचा कलश घेऊन चालणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात.

बातू केव्ह्जला जायला कोम्युटर लोकलच घ्यावी. केएल सेंट्रलहून अर्ध्या तासाच्या आसपास, आणि शेवटचं स्टेशन देवळाच्या आवाराला लागूनच. सणाच्या दिवसांत गाड्या रात्रभर धावतात. टॅक्सी केली तर पोलीस बंदोबस्तामुळे ती बरीच अलीकडे सोडते आणि परतताना मिळत नाही. टच अँड गो, म्हणजे तिकिटाऐवजी चालणाऱ्या प्रीपेड कार्डात, दोन्ही वेळचे पैसे आधीच भरा. गर्दीत फोनचं नेटवर्क बसतं, त्यामुळे भेटायची जागा तोंडी ठरवून ठेवा. स्टेशनजवळचा हिरवा उंच हनुमान लांबूनही चुकत नाही.

उतरल्यावर सरळ पायऱ्यांकडे जाऊ नका. आधी सुंगै बातू नदीचा काठ गाठा. भाविक तिथे आंघोळ करतात, पिवळं वस्त्र नेसतात, आणि मग कावडी चढवली जाते. कावडीचं मूळ इडुंबनच्या कथेत आहे: दोन डोंगर काठीच्या दोन टोकांना टांगून नेणारा तो असुर. साध्या कावडीत लाकडी कमान, मोरपिसं आणि दूध असतं. अलगु कावडीत धातूचा सांगाडा अंगावर पेलतात, छाती-पाठीला आकडे लावतात आणि गालातून किंवा जिभेतून बारीक 'वेल', म्हणजे मुरुगनचा भाला, आरपार घालतात. जाणता माणूस चिमटीत कातडी धरून, विभूती लावून, एका दमात टोचतो. रक्त फारसं दिसत नाही. वेल काढल्यावर त्या जागी पुन्हा विभूती चोळतात. बगाडाचा गळ ठाऊक असलेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. नवस फेडण्याआधी महिनाभर, काही जण 48 दिवस, शाकाहार, ब्रह्मचर्य आणि जमिनीवर झोपणं पाळतात. कॅमेरा काढताना याची जाण हवी. टोचण्याच्या क्षणी चेहऱ्यावर फ्लॅश मारू नका.

वाटेत उरुमी मेळम, म्हणजे ढोलांचा ताफा, घुमायला लागला की कावडीवाला गिरक्या घेतो. सांगाड्याची टोकं बाहेर आलेली असतात, म्हणून दोन-तीन मीटर अंतर राखा. पाठीच्या आकड्यांना बांधलेल्या दोऱ्या मागे कुणीतरी ताणून धरलेल्या असतात. त्या ओलांडून जायचं नाही. सोबत्यांनी मध्येच स्टूल ठेवून त्याला बसवलं, की गर्दी तुंबते. मागून ढकलू नका, थांबा.

जेजुरीचा गड चढणाऱ्याला 272 पायऱ्या म्हणजे काहीच नाहीत. एरवी पंधरा मिनिटं पुरतात. त्या पहाटे मात्र तास-दीड तास धरून चाला, आणि एकदा रांगेत शिरलात की मागे फिरता येत नाही. म्हणून स्वच्छतागृह खालीच उरका, पाणी जवळ ठेवा. वर माकडं आहेत. हातात खाऊ किंवा प्लॅस्टिकची पिशवी दिसली की झडप घालतात. पायथ्याशी सोनेरी मुरुगन 42.7 मीटर उंच उभा आहे, त्याचे फोटो उतरल्यावर काढले तरी चालतात. गुहेत शिरल्यावर छत सुमारे 100 मीटर वर जातं. पहाटेचा उजेड वरच्या भगदाडातून आत उतरतो, तेव्हा ढोल आणि 'वेल वेल' एकत्र घुमतात. 1892 पासून इथे तैपूसम होतो. त्याआधी के. तंबुसामी पिल्ले या तमिळ व्यापाऱ्याला गुहेच्या तोंडाचा आकार वेलसारखा दिसला आणि त्याने इथे मुरुगनची स्थापना केली.

लोक आकडे आणि भाले पाहायला येतात. पण उत्सवाचा गाभा पाल कुडम, म्हणजे दुधाचा कलश. तो कुणालाही नेता येतो, भाषा आणि जात आड येत नाही. काही दिवसांचा शाकाहारी उपास मात्र मनापासून करा. कलश लहान, स्टीलचा किंवा पितळी घ्या. दूध पाऊण भागच भरा, काठोकाठ भरलं तर पायऱ्यांवर सांडतं. तोंडावर पिवळं फडकं ताणून दोऱ्याने बांधा. दूध शहरातून भरून आणू नका, त्या उकाड्यात नासतं, नदीकाठीच भरा. गुहेत ते अभिषेकासाठी पुजाऱ्याकडे द्यायचं असतं.

कपडे सुती, गुडघ्याखाली जाणारे घाला. काळा रंग टाळलेला बरा. चपला पाठीवरच्या पिशवीत ठेवा, बाहेर काढून ठेवलेल्या सापडत नाहीत. जेवणाची काळजी नको: रस्ताभर 'तण्णीर पंदल', म्हणजे पाणपोईचे मांडव, उभे असतात, ताक, पानकम म्हणजे गुळाचं सरबत, भात, सारं फुकट आणि शाकाहारी. लागेल तेवढंच घ्या.

दहाच्या आत परतीची लोकल धरा. दुपारी फलाटावर शिरायलाच रांग लागते.